वास्तूतील वेदी

एखादी इमारत ज्या कामासाठी उभी राहिली ते काम संपते, माणसे पांगतात, आणि मागे रिकाम्या भिंती उरतात. या भिंतींचे काय करावयाचे, या प्रश्नाला गेल्या चाळीसएक वर्षांत जगभर एक ठराविक उत्तर मिळू लागले आहे. कापडगिरणीची वखार असो, राजवाडा असो वा ओस पडलेले चर्च असो. तेथे खाण्यापिण्याची सोय करावयाची, एका टोकाला रंगमंच उभारावयाचा, रात्री वाद्यवृंद बोलवावयाचा. भिंती टिकतात, मालकाला उत्पन्न मिळते, तरुणांना गाणे ऐकायला जागा मिळते. मग तक्रार कशाची?

हा प्रश्न कोल्हापुरात बसून विचारणे अवश्य झाले आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली स्थापन केलेली शाहू मिल २००३ साली बंद पडली. या जागी महाराजांचे स्मारक व्हावे अशी मागणी झाली, घोषणाही झाल्या. तरी गिरणीच्या दगडी इमारती आपल्या नव्या कामाची वाट पाहत आहेत. असा निर्णय घेताना इतर ठिकाणी काय घडले हे डोळसपणे पाहिलेले बरे. नाटकाची किंवा कादंबरीची आपण समीक्षा करतो, तशीच वास्तूच्या नव्या वापराचीही करता येते. तीत आवडीनिवडीपेक्षा कसोटीला महत्त्व असते. आणि ती कसोटी कोणती, हाच या लेखाचा विषय आहे.

आरंभीच एक गैरसमज दूर केला पाहिजे. बार म्हटला की नाक मुरडावे, ही ख्रिस्ती परंपरेची शिकवण नव्हे. काना गावच्या लग्नघरी द्राक्षारस संपला तेव्हा प्रभूने यजमानाची लाज राखली. आणि आपल्या लग्नांत बँड वाजला नाही तर मांडव सुना वाटतो. व्यसनापायी उद्ध्वस्त झालेली घरे आपल्या प्रत्येक धर्मग्रामाला ठाऊक आहेत, त्यांचे दुःख लहान नाही. परंतु केवळ ‘येथे मद्य मिळते’ एवढ्या कारणाने एखाद्या वास्तूचा निकाल लावणे म्हणजे समीक्षेचे काम अर्ध्यावर सोडणे होय. खरा प्रश्न त्याच्या पलीकडचा आहे.

प्रथम कोल्हापुरातलेच उदाहरण घेऊ. रंकाळा तलावाच्या पश्चिम बाजूला शालिनी पॅलेस उभा आहे. १९३१ ते १९३४ या काळात तो बांधला गेला आणि राजकन्या शालिनीराजे यांचे नाव त्याला मिळाले. काळ्या दगडाच्या भव्य कमानी, इटालियन संगमरवर, लाकडी दरवाजांत बसवलेल्या बेल्जियमच्या काचा व त्यांवर कोरलेले संस्थानचे राजचिन्ह, असा सारा थाट. १९८७ साली या राजवाड्याचे हॉटेल झाले.

या बदलाला नाके मुरडणारे तेव्हाही असतील. परंतु नीट विचार केला तर त्यात एक न्याय होता असेच म्हणावे लागते. ज्या जिन्यावरून पूर्वी केवळ राजघराण्याची माणसे व त्यांचे पाहुणे चढत, त्या जिन्यावरून आता एखादा व्यापारी किंवा नवे जोडपेही चढू शकले. दरवाजा पूर्वीपेक्षा रुंद झाला. तो फार रुंद झाला नाही; खिशात पैसे असणाऱ्यांपुरताच तो उघडला. तरीही राजवाड्याचे मूळ काम पाहुण्याला सन्मानाने उतरवून घेणे हेच होते, आणि हॉटेलने तेच काम निराळ्या रीतीने चालू ठेवले. वास्तूच्या स्वभावाला तो वापर परका नव्हता. पुढे तेही हॉटेल बंद पडले. उत्पन्न हा एकच आधार असलेला नवा वापर किती तकलादू असतो, हा धडा कोल्हापूरने अशा रीतीने घरच्या घरीच घेतला आहे.

आता मुंबईकडे वळू. कारण जुन्या गिरणीचे बारमध्ये व मैफलीच्या जागेत रूपांतर पाहावयाचे तर लोअर परळला जावे लागते. ना. म. जोशी मार्गावरील मथुरादास मिलच्या आवारात, जुन्या वखारीच्या उतरत्या छपराखाली, २००७ साली ‘ब्लू फ्रॉग’ नावाची जागा सुरू झाली. ख्रिस ली आणि कपिल गुप्ता या वास्तुरचनाकारांनी तिची आखणी केली होती. नेहमीच्या टेबलखुर्च्यांऐवजी गोल गोल बैठका केलेल्या. प्रत्येक बैठकीची उंची निराळी, जेणेकरून मागे बसलेल्यालाही रंगमंच दिसावा. बैठकांच्या कडा आतून उजळणाऱ्या. जुन्या नाट्यगृहाच्या चढत्या आसनांची कल्पना आणि खानपानाची जागा यांचा हा मेळ होता. देशी-विदेशी वादक, स्वतःची गाणी स्वतः रचणारे तरुण, जॅझ वाजवणारे ज्येष्ठ अशा अनेकांना तेथे व्यासपीठ मिळाले. चित्रपटसंगीताच्या महापुरात स्वतंत्र संगीताला एवढे निष्ठेने सांभाळणाऱ्या जागा मुंबईत फार नव्हत्या. २०१६ साली ती बंद पडली तेव्हा संगीतप्रेमींनी हळहळ व्यक्त केली आणि ती रास्तच होती. येथे गाणे हे पिण्याचे निमित्त नव्हते. रचनेचा केंद्रबिंदू रंगमंच होता, पेला नव्हे. एवढे श्रेय दिल्यावाचून पुढे जाणे अन्यायाचे होईल.

परंतु पुढे गेलेच पाहिजे. छप्पर गिरणीचे होते, पण त्या छपराखाली गिरणी कोठे होती? उंच छत, कैच्या, प्रशस्त पोकळी एवढे नव्या रचनेने उचलले, कारण तेवढे तिच्या उपयोगाचे होते. या आवारात पाळ्या भरत होत्या, भोंगा वाजत होता, कापसाच्या धुळीने छाती भरलेली माणसे फाटकातून बाहेर पडत होती, या गोष्टीचा तेथे मागमूस नव्हता. वास्तूचे शरीर ठेवून घेतले आणि स्मरण तेवढे पुसून टाकले, असा हा प्रकार आहे. ही उणीव एका जागेची नाही; गिरणगावातील बहुतेक साऱ्या रूपांतरांची आहे.

कोल्हापूरच्या वाचकाला हे सांगण्याचे विशेष कारण आहे. ही गिरणी आपलीही होती. आजरा, चंदगड, गडहिंग्लज, भुदरगड या तालुक्यांतील गावागावांतून माणसे गिरणीत गेली. खानावळीत जेवली, एकेका खोलीत दहा-बाराजण दाटीवाटीने राहिली, आणि महिन्याच्या मनिऑर्डरीवर गावाकडची घरे चालली. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर कधी मिटलाच नाही. हजारो माणसे गावी परतली; कोणी शेतीला लागले, कोणी मजुरीला, कोणी खचून गेले.

गिरण्यांच्या जमिनींचे पुढे काय करावयाचे याविषयी १९९१ सालच्या विकास नियंत्रण नियमावलीत एक तरतूद होती. जमिनीचा सुमारे एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश सार्वजनिक घरबांधणीसाठी आणि उरलेला मालकाकडे, अशी ती वाटणी. २००१ साली नियम बदलला आणि ही वाटणी संपूर्ण जमिनीऐवजी केवळ इमारती नसलेल्या रिकाम्या जागेपुरती राहिली. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली हा बदल कायम ठेवला. शहराच्या वाट्याला जे यावयाचे ते आक्रसले ते असे. गिरणीच्या जागी उजळलेल्या बारमध्ये बसलेल्या तरुणाने हा नियम केलेला नाही, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. परंतु तो ज्या जागी बसला आहे, ती जागा मोकळी कशी झाली हे त्याला कोणी सांगितलेही नाही.

दुसरी गोष्ट संगीताचीच. वस्तीला संगीत नव्हते आणि नव्या जागांनी ते आणले, असे मानणे ही मोठी भूल आहे. गिरणगाव गाणारेच होते. चाळीचाळींत भजनी मंडळे होती, शाहिरांचे फड होते, अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख यांच्या आवाजाने मैदाने भरत होती, कामगार रंगभूमीवर नाटके होत होती. परळचे दामोदर नाट्यगृह या साऱ्याचे एक घर होते. तेही २०२३ साली पुनर्विकासासाठी बंद झाले. म्हणजे एकीकडे वखारीत नव्या गाण्याला जागा मिळत असताना, ज्यांचे गाणे तेथे मुळातच होते त्यांच्या हातची जागा सुटत होती. नवे गाणे यावे. ते जुन्या गाण्याच्या शेजारी बसले असते तर वास्तूचे खरोखर भले झाले असते.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर लोअर परळच्याच कमला मिलच्या आवारात, गच्चीवरील उपाहारगृहांना आग लागली आणि चौदा माणसे मृत्युमुखी पडली. गिरणीच्या आवारांची रचना कारखान्यासाठी झालेली असते, रात्रीच्या गर्दीसाठी नव्हे. तेथे शेकडो माणसे बोलवावयाची तर बाहेर पडण्याच्या वाटा, पाण्याची सोय, पेट घेणाऱ्या छपरांना मज्जाव हे सर्व आधी झाले पाहिजे. वास्तूचे सौंदर्य ही नंतरची गोष्ट. पाहुण्याचा जीव सांभाळणे हा यजमानाचा पहिला धर्म आहे, आणि तो पाळला जात नसेल तर जपलेल्या दगडी भिंतींचे कौतुक व्यर्थ आहे.

आता ज्या उदाहरणांनी आपल्या मनाला अधिक चटका बसतो त्यांच्याकडे येऊ. आयर्लंडची राजधानी डब्लिन येथे मेरी स्ट्रीटवर सेंट मेरीज नावाचे अँग्लिकन चर्च आहे. आर्थर गिनेस या प्रसिद्ध मद्य-उत्पादकाचा विवाह १७६१ साली तेथे झाला. १९६४ साली उपासना थांबली, आणि या शतकाच्या आरंभी तेथे बार व उपाहारगृह सुरू झाले. ॲमस्टरडॅममध्ये १८८० च्या सुमारास एका उदारमतवादी धर्मसमूहाने बांधलेले सभागृह १९६८ पासून ‘पॅराडिसो’ या नावाने संगीताची जगप्रसिद्ध जागा झाले. अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे स्नानसंस्कारक संत योहान यांच्या नावाचे कॅथलिक चर्च १९९३ साली बंद झाले. १९९६ साली तेथे बिअर गाळणारे उपाहारगृह उघडले, आणि बिअरची पिंपे नेमकी वेदीच्या जागी मांडण्यात आली.

डब्लिनचे वर्णन वाचताना आपण उत्सुकतेने वाचतो. ॲमस्टरडॅमचे ऐकून मान डोलावतो. पिट्सबर्गपाशी मात्र मन थबकते. तीनही ठिकाणी पेय तेच, गर्दी तशीच. मग फरक कोठे पडला? तो वेदीपाशी पडला.

ख्रिस्तसभेने या प्रश्नाचा विचार केलेला आहे. धर्मनियमांच्या संहितेतील १२२२ वा नियम सांगतो की, एखादे चर्च उपासनेसाठी वापरणे आणि दुरुस्त करणे अशक्य झाले तर धर्मप्रांताचे बिशप ते लौकिक कामासाठी मोकळे करू शकतात. मात्र ते काम हीन असता कामा नये. ‘लौकिक’ आणि ‘हीन’ यांतील हा भेद लक्षात घेण्यासारखा आहे. वास्तूने कायम देवघरच राहावे असा हट्ट ख्रिस्तसभा धरत नाही. १२३८ वा नियम आणखी एक सूक्ष्म गोष्ट सांगतो: चर्च लौकिक वापराला दिले गेले तरी वेदीचे पावित्र्य आपोआप संपत नाही. भिंती मोकळ्या होतात, वेदी होत नाही. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये रोम येथे व्हॅटिकनच्या पुढाकाराने याच विषयावर परिषद भरली. तिच्या मार्गदर्शक तत्त्वांत ग्रंथालय, संग्रहालय, कलाशाळा, दवाखाना, गरिबांसाठी अन्नकेंद्र अशा वापरांना पसंती दिली आहे आणि निव्वळ नफ्याच्या व्यापारी वापराला दूर ठेवले आहे.

आपल्याला हवी असलेली कसोटी येथे सापडते, आणि ती केवळ चर्चपुरती नाही. प्रत्येक जुन्या वास्तूत एक वेदी असते. ज्या स्थळी त्या वास्तूतील माणसांनी आपले सर्वस्व वाहिले ते स्थळ म्हणजे तिची वेदी. गिरणीत ती यंत्राजवळ असते, आणि पाळी सुरू होताना जेथे माणसे नाव नोंदवीत त्या फाटकाशी असते. नाट्यगृहात ती रंगमंचावर असते. नवा वापर ठरविणाऱ्याने आधी ही वेदी कोठे आहे ते शोधावे. ती राखावी, तिच्यापाशी जाण्याचा मार्ग सर्वांना मोकळा ठेवावा, आणि मग उरलेल्या जागेत गाणे ठेवावे, जेवण ठेवावे, हवे तर पेयही ठेवावे. वेदी राखली की बाकीचे बरेचसे क्षम्य ठरते. वेदीवरच पिंपे मांडली की कितीही सुंदर रोषणाई केली तरी मनाची टोचणी जात नाही.

वास्तूची वेदी ओळखण्याचे उत्तम उदाहरण शोधण्यासाठी कोल्हापूरच्या बाहेर जावे लागत नाही. शाहू महाराजांनी १९१३ ते १९१५ या काळात पॅलेस थिएटर बांधवून घेतले. शेजारीच १९१२ साली खासबागचे कुस्तीमैदान सिद्ध झाले होते. गाणे आणि कुस्ती, दोन्ही एकाच आवारात, दोन्ही रयतेसाठी. याच राजाच्या आश्रयाने उस्ताद अल्लादिया खाँसाहेब या शहरात दीर्घकाळ राहिले. १९५७ साली पॅलेस थिएटरचे नाव बदलून संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह असे झाले. हा बदल वरवर नावापुरता वाटतो, पण त्याचा अर्थ मोठा आहे. नावातला राजवाडा मागे सरला आणि कोल्हापूरच्याच मातीत जन्मलेला, ललितकलादर्श मंडळी उभी करणारा आणि १९२१ साली अवघ्या एकतिसाव्या वर्षी निवर्तलेला गायक-नट पुढे आला. वास्तूची वेदी रंगमंच आहे हे शहराने ओळखले, आणि तेथे ज्याने सूर वाहिला त्याचे नाव दरवाजावर लावले.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, हे नाट्यगृह आगीत सापडले. छप्पर गेले, रंगमंच गेला. लाकडाची जुनी घरे किती नाजूक असतात याची ही दुसरी कडू शिकवण. परंतु त्या रात्री जमलेले कलावंत आणि नागरिक ढसाढसा रडले, ते लाकडासाठी नव्हे. हे नाट्यगृह मूळ रूपात पुन्हा उभे राहावे ही मागणी तत्काळ उठली आणि पुनर्बांधणीचे काम हाती घेण्यात आले. दोन वर्षांपूर्वी, २०२२ साली, भालजी पेंढारकरांच्या कर्तृत्वाशी जोडलेल्या जयप्रभा स्टुडिओची जागा विकली गेल्याचे उघड झाले तेव्हाही येथील कलावंत व तंत्रज्ञ आंदोलनाला बसले होते. मालकी कागदावर कोणाचीही असो, वेदी सर्वांची असते, हे या शहराला कोणी शिकवावे लागत नाही.

म्हणूनच शाहू मिलकडे आशेने पाहावेसे वाटते. २०२२ साली महाराजांच्या स्मृतिशताब्दीनिमित्त झालेल्या कृतज्ञता पर्वात याच गिरणीच्या आवारात प्रदर्शने व कार्यक्रम झाले आणि लोक कुटुंबासह तेथे गेले. तेव्हा फाटक काही दिवसांसाठी का होईना, साऱ्यांना उघडे होते. त्या थोड्या दिवसांनी जे दाखविले ते कोणत्याही महागड्या आराखड्याहून मोलाचे आहे.

उद्या तेथे स्मारक होईल, कलादालन होईल, कदाचित संध्याकाळी गाणे ऐकत बसता येईल अशी जागाही होईल. कोल्हापूरला अल्लादिया खाँसाहेबांच्या गायकीचा वारसा आहे; हलगी, लेझीम आणि शाहिरी आहे; गिटार वाजवणारी नवी मुलेही आहेत. या सर्वांना एका छपराखाली बसता येईल एवढी ती गिरणी प्रशस्त आहे. मात्र ज्या दालनात सूत निघत होते त्यातले एक तरी दालन आपल्या यंत्रासह आणि आपल्या कामगारांच्या आठवणींसह जसेच्या तसे राहावे. त्या दालनाला तिकीट नसावे. आणि कधीकाळी त्या फाटकातून पाळीवर जाणारा एखादा वृद्ध नातवाचे बोट धरून आला, तर दारावरच्या माणसाने त्याला ‘आपण कोण?’ असे न विचारता ‘या’ म्हणावे. एवढे झाले तर आतल्या पेल्यात काय आहे, याची चर्चा आपण सावकाश करू.